चार भाग झाले, अजून हसू आलं नाही. पुढे बघू का सोडू? (तातडीने मदत हवी आहे)

रानजाई | मंगळवार, रात्री १०:४०

ज्यांनी पूर्ण पाहिली आहे त्यांनीच सांगा, प्लीज. चार भाग झाले. जो तो म्हणतो, थांब, पुढे मजा आहे. पुढे म्हणजे नक्की कधी? ऑफिसात माणसं बसलेली असतात, तो बॉस काहीतरी बोलतो, बाकीचे गप्प. मधेच कुणीतरी कॅमेऱ्याकडे बघतं. विनोद कधी होऊन गेला तेच कळत नाही. दुसऱ्या भागात तर मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी मधेच उठून गेले. उद्या रात्रीपर्यंत ठरवायचंय. बघू का सोडू, एवढंच सांगा.

पाणपोई | रात्री १०:५२

ताई, अजिबात सोडू नका. सब टीव्हीवर २००१ साली लागायची तेव्हा आमच्याकडे जेवणं त्या वेळेनुसार ठरायची. पंकज कपूरचा मुसद्दीलाल एका साध्या कामासाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि शेवटी पैसे काढल्याशिवाय कागद हलत नाही. आसावरी जोशींची उषाजी फक्त "वही तो" म्हणायची आणि आम्ही खुर्चीतून पडायचो. कुठलाही भाग लावा, संथ वगैरे काही नाही. तुम्ही बहुतेक कुठलातरी कच्चा भाग पाहिला असेल.

सह्यकडा | रात्री १०:५८

पाणपोई, तुम्ही 'ऑफिस ऑफिस'बद्दल बोलताय. त्यांनी मालिकेचं नावच लिहिलेलं नाही.

रानजाई, नाव सांगा आधी. ऑफिसात घडणाऱ्या डझनभर मालिका आहेत.

रानजाई | रात्री ११:०५

अहो, द ऑफिस. सगळ्यांना माहीत असेल असं वाटलं.

टेबललॅम्प | रात्री ११:०९

कुठलं? इंग्लंडचं की अमेरिकेचं? २०१९ मध्ये हिंदीतही आलंय. उत्तर प्रत्येकाचं वेगळं आहे. इंग्लंडचं असेल तर बाराच भाग आणि नाताळचा विशेष भाग आहे, डोळे मिटून पूर्ण करा.

रानजाई | रात्री ११:१२

अमेरिकेचं. बॉस मायकेल, ड्वाइट, तो जिम. कागद विकणारी कंपनी.

सह्यकडा | रात्री ११:३१

मग उत्तर सोपं आहे. पहिला सीझन सोडा आणि दुसऱ्यापासून लावा.

कारण सांगतो. पहिला सीझन २००५ च्या मार्चमध्ये आला, सहाच भागांचा. त्याचा पहिला भाग इंग्लंडच्या मालिकेच्या पहिल्या भागावरूनच जवळजवळ जसाच्या तसा उचललाय, सहकाऱ्याचा स्टेपलर जेलीत घालण्याचा प्रकारसुद्धा तिकडचाच. इंग्लंडचा बॉस, डेव्हिड ब्रेंट, कडू माणूस आहे. बारा भागांपुरता तो चालतो, कारण गोष्ट लगेच संपते. अमेरिकेत त्याच साच्यातला मायकेल घेऊन वर्षानुवर्षं मालिका चालवायची होती. रोज रात्री घरात येणारा पाहुणा इतका कडू असेल तर माणसं दार उघडणार नाहीत. दुसऱ्या सीझनला लिहिणाऱ्यांनी त्याला बदललं. मूर्खपणा तसाच ठेवला, पण या माणसाला आपण सगळ्यांना आवडावं अशी भूक आहे, हे दिसायला लागतं. मायकेलचं काम करणाऱ्या स्टीव्ह कॅरेलचे केससुद्धा बदललेत, पहिल्या सीझनमधले चप्प बसवलेले केस बघा आणि मग दुसऱ्यातला बघा. एकाच माणसाचे दोन स्वभाव वाटतात.

दुसरा सीझन २२ भागांचा आहे. त्यातले पहिले तीन बघा, मग ठरवा.

टेबललॅम्प | रात्री ११:४४

सह्यकडांशी पूर्ण असहमत. पहिला सीझन सोडायचा सल्ला जो तो देतो, आणि त्यामुळे नुकसान होतं.

रानजाई, तुम्ही दुसरा भाग अर्ध्यावर सोडून उठलात ना? त्याचा शेवट पाहिलेलाच नाही तुम्ही. जिमचं वर्षातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक त्या दिवशी त्याच्या हातून जातं. दिवसभर बॉसचं ते, वेगवेगळ्या वंशांच्या लोकांशी कसं वागावं याचं प्रशिक्षण चाललंय, सगळे वैतागलेत. शेवटी रिसेप्शनवरच्या पॅमला डुलकी लागते आणि तिचं डोकं त्याच्या खांद्यावर पडतं. तो हलत नाही. नंतर कॅमेऱ्याला सांगतो की दिवस काही वाईट गेला नाही. पुढचे कित्येक सीझन त्या दोघांसाठी लोक का थांबले, ते या अर्ध्या मिनिटात आहे. हे न बघता दुसऱ्या सीझनवर उडी मारली तर पॅमचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं आहे आणि जिम गप्प का बसतो, याला वजनच येत नाही.

मोहर | बुधवार, सकाळी ७:१५

मी वेगळं सांगते. सोडा.

एकूण २०१ भाग, नऊ सीझन. एक भाग २२ मिनिटांचा धरला तरी ७४ तासांच्या आसपास जातात. मी तिसऱ्या सीझनपर्यंत "आता आवडेल, मग आवडेल" करत गेले आणि शेवटी सोडली. मला दुसऱ्याची फजिती बघवत नाही, लहानपणापासून. हा स्वभावाचा भाग आहे, यात मालिकेचा दोष नाही आणि माझाही नाही. चांगली गोष्ट पहिल्या भागापासून धरते. श्रीयुत गंगाधर टिपरे आठवा. पहिल्या दिवसापासून आबा घरातले वाटले. कुणी कुणाला "पाच भाग थांब" म्हटलं होतं का?

सह्यकडा | सकाळी ८:०२

मोहर, टिपऱ्यांची तुलना इथे लागू नाही. आबा दिलीप प्रभावळकरांनी आधी लेखनातून उभे केले होते, मग पडद्यावर आले. माणूस तयार होता. अमेरिकेत मालिका चालू असतानाच लिहिली जाते. लेखक नटांकडे बघतात, कोण काय चांगलं करतं ते पाहून पात्र वळवतात. म्हणून सुरुवातीचे भाग कच्चे असतात. तिकडच्याच 'पार्क्स अँड रिक्रिएशन' मालिकेचंही तेच झालं, २००९ चा पहिला सीझन सहा भागांचा आणि अडखळता, पुढे बघता बघता सुधारली. दोन्ही मालिका उभ्या करणाऱ्यांत ग्रेग डॅनियल्स होता. साइनफेल्ड या गाजलेल्या मालिकेचा पहिला सीझन तर पाचच भागांचा.

मोहर | सकाळी ८:१०

लेखक शिकेपर्यंत मी का थांबायचं? रानजाईंनी विचारलंय की बघू का सोडू. पार्क्स बघू का, असं विचारलेलं नाही.

एडिसनकर | सकाळी ८:२६

मी न्यू जर्सीत राहतो. मालिका जिथे घडते ते स्क्रँटन इथून गाडीने दोनेक तासांवर. मालिकेच्या सुरुवातीला "स्क्रँटन वेलकम्स यू" अशी पाटी दिसते ना, ती आता तिथल्या स्टीमटाउन मॉलमध्ये नेऊन ठेवलीय. आम्ही गेलो होतो, रांगेत उभं राहून फोटो काढला. खरं चित्रीकरण लॉस एंजेलिसकडे झालंय, पण त्या गावाने मालिकेला आपलं मानलंय. जुनं कोळशाचं गाव. कुणाला यायचं असेल तर ऑक्टोबरात या, झाडांचे रंग बघण्यासारखे असतात, वाटेत पोकोनोजचे डोंगर लागतात.

काळी_दोन | सकाळी ९:४०

रानजाई, तुम्ही ही मालिका बघता कशी? टीव्हीवर का फोनवर? सबटायटल्स लावता का? बघताना दुसरं काही करत असता का? कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतेय.

रानजाई | दुपारी १:२०

याचा काय संबंध? ओट्यावर फोन टेकवून ठेवते. साडेआठला पोळ्या करायच्या असतात, तेव्हा. मुलगा मागे टेबलाशी बसून त्याच फोनवर बघतो. सबटायटल्स नाहीत, मला इंग्रजी कळतं.

काळी_दोन | दुपारी १:५५

संबंध आहे, आणि मला वाटतं तिथेच सगळं अडलंय.

या मालिकेत मागून हसण्याचे आवाज नाहीत. कुठे हसायचं ते कुणी सांगत नाही. माहितीपट चित्रित होतोय असा बहाणा आहे, त्यामुळे अर्धे विनोद बोलण्यात नसतातच. मायकेल काहीतरी भयंकर बोलतो, आणि मग जिम हळूच कॅमेऱ्याकडे बघतो. पॅम ओठ दाबते. मागे स्टॅन्ली शब्दकोड्यातून मान वर काढत नाही. विनोद तिथे आहे, आणि "हा माणूस चुकतोय हे आम्हालाही कळतंय" हा दिलासाही तिथेच आहे.

तुमचे डोळे लाटण्यावर आणि तव्यावर. म्हणजे तुमच्यापर्यंत पोचतो तो फक्त मायकेलचा आवाज. बॉसची बडबड तेवढी ऐकायची आणि बाकीच्यांचे चेहरे बघायचे नाहीत, तर ती मालिका मलाही सहन होणार नाही. माझ्या वडिलांना मी ही स्वयंपाकघरातून ऐकू येईल अशी लावायचे, ते वैतागायचे. एकदा शेजारी बसवलं तेव्हा त्यांनी जिमचा चेहरा पाहिला आणि हसले.

सबटायटल्सही लावा. इंग्रजी येण्याचा प्रश्न नाही, ते लोक पुटपुटतात.

मोहर | दुपारी २:१०

मी टीव्हीसमोर बसूनच पाहिली होती, चेहरे सगळे पाहिले. तरी नाही आवडली. प्रत्येक वेळी बघणाऱ्याचीच चूक काढू नये.

काळी_दोन | दुपारी २:१४

मोहर, तुमची चूक म्हटलं नाही. तुम्ही बघून सोडलीत. त्यांनी अजून बघितलेलीच नाही, ऐकलीय.

टेबललॅम्प | दुपारी २:३०

आज रात्रीपर्यंतच का ठरवायचंय? सबस्क्रिप्शन संपतंय का?

रानजाई | दुपारी ३:०५

सबस्क्रिप्शन नाही. मुलगा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर. सुट्टीला आलाय, शनिवारी जाणार. ही मालिका त्याची फार आवडती. आल्या दिवशी म्हणाला, आई, तू आणि मी रोज एक भाग बघू. त्याने दोनदा पाहिलीय, तरी माझ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून लावली. काल म्हणाला, आवडत नसेल तर दुसरं काही लावू, उद्या सांग. मला खोटं हसायला जमत नाही. तो फोनकडे न बघता माझ्याकडे बघत असतो, हसतेय का ते.

सह्यकडा | दुपारी ३:११

हे आधी का नाही सांगितलंत?

रानजाई | दुपारी ३:१३

मालिका चांगली आहे का हे विचारायला ते कशाला लागतं?

मोहर | दुपारी ३:४०

माझा सल्ला मागे घेते. निदान शनिवारपर्यंत तरी बघा. पण त्याला खरं सांगा की दुसऱ्या भागात अवघडल्यासारखं झालं. मुलांना कळतं ते.

टेबललॅम्प | संध्याकाळी ४:२०

त्या अवघडल्याबद्दल एक सांगायचं राहिलं. मायकेल भारतीय माणसाची नक्कल करतो आणि ऑफिसातली केली नावाची मुलगी त्याच्या कानाखाली वाजवते, तोच प्रसंग ना? केलीचं काम करणारी मिंडी कॅलिंग त्या मालिकेच्या लेखकांपैकीही होती. तिसऱ्या सीझनमध्ये दिवाळीचा अख्खा भाग आहे, तो तिनेच लिहिलाय. सगळं ऑफिस दिवाळीच्या कार्यक्रमाला जातं. तिथपर्यंत पोचलात तर तो भाग मुलाबरोबर बघा.

सह्यकडा | संध्याकाळी ४:३५

दिवस कमीच आहेत, तर पहिल्या सीझनचे उरलेले दोन भाग सोडून द्या. टेबललॅम्प रागावतील, पण शनिवारच्या आत चांगले भाग बघून होणं महत्त्वाचं. आज 'ऑफिस ऑलिम्पिक्स' लावा, दुसऱ्या सीझनमधला तिसरा.

टेबललॅम्प | संध्याकाळी ४:४१

या वेळी नाही रागावत. तोच लावा. दुसऱ्या भागाचा शेवट तेवढा आधी बघून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

रानजाई | शुक्रवार, सकाळी ६:५०

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

बुधवारी पोळ्या साडेसातलाच उरकल्या. टीव्हीवर लावलं, सोफ्यावर बसले, सबटायटल्स लावली. मुलगा म्हणाला, आज काय विशेष? मी खरं सांगितलं, की आतापर्यंत मी नीट बघतच नव्हते आणि दुसऱ्या भागात मला कसंतरी झालं होतं. तो म्हणाला, मलाही पहिल्यांदा झालं होतं, मी तो भाग हॉस्टेलच्या खोलीत एकट्याने पाहिला आणि बंद केला होता. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

आधी त्या भागाचा शेवट पाहिला. टेबललॅम्प, तुम्ही म्हणालात तसंच आहे. जिम श्वाससुद्धा जपून घेतोय असं वाटलं.

मग ऑलिम्पिक्सचा भाग. बॉस घर घ्यायला बाहेर गेलेला, मागे ऑफिसातली माणसं खेळ मांडतात. दह्याच्या डब्यांच्या झाकणांची पदकं, त्यांना पेपर क्लिपांची साखळी. शेवटी बॉस परत येतो, तेव्हा जिम त्यालाही सुवर्णपदक देतो, घर घेतल्याबद्दल. राष्ट्रगीत लागतं आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. घर घेऊन तो दिवसभर घाबरलेला होता. ते झाकण गळ्यात घालून उभा राहिलेला बघून मला हसू आलं आणि रडूही आलं. मुलगा माझ्याकडे बघतोय हे मला नंतर कळलं.

काल दोन भाग पाहिले. एक आवडला, एक नाही. मायकेल बोलायला लागला की मला अजूनही उठून जावंसं वाटतं. मोहर, तुमचं मला पूर्ण पटतं. पण निदान दुसरा सीझन संपेपर्यंत तरी बघणार आहे. तो हॉस्टेलवरून, मी इथून, रविवारी रात्री फोन चालू ठेवून. दिवाळीच्या भागापर्यंत तो दिवाळीला घरी आलेला असेल असं गणित त्यानेच मांडलंय.

काळी_दोन | सकाळी ७:२२

फार बरं वाटलं वाचून. रविवारी दोघांनी एकदम सुरू करायला "तीन, दोन, एक" म्हणा, नाहीतर एकाचा आवाज पुढे जातो.

एडिसनकर | सकाळी ७:३०

मुलगा कधी इकडे शिकायला आला तर स्क्रँटनला मी नेईन.

निंबोणी | सकाळी ८:०५

साडेसातला केलेल्या पोळ्या नऊपर्यंत कडक होत असतील ना? कणीक जरा सैल भिजवा, चमचाभर तेल जास्त. तव्यावरून उतरली की लगेच तूप लावून सुती फडक्यात गुंडाळायची आणि डब्याचं झाकण पहिली पाच मिनिटं किलकिलं ठेवायचं, म्हणजे वाफेचं पाणी सुटत नाही. दोन तास मऊ राहतात.

रानजाई | सकाळी ८:१२

किलकिलं ठेवायचं माहीत नव्हतं. आज करून बघते.

पाणपोई | सकाळी ९:००

ते 'ऑफिस ऑफिस' आता कुठे बघायला मिळेल, कुणी सांगेल का?