स्मार्ट कार्डाने लॉगिन: ब्राउझर सर्टिफिकेट विचारतच नाही

तापीकाठची (चोपडा)

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं संगणकाचं काम मी बघते. मुख्य कार्यालय आणि चार शाखा: अडावद, धानोरा, लासूर, चहार्डी. मार्चअखेरीला एका शाखेत रजेवर असलेल्या कॅशियर ताईंच्या पासवर्डने नोंदी झाल्या. पासवर्ड काउंटरच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला होता. पैसा कुठे गेला नाही, पण त्या ताईंना संचालकांपुढे उभं राहून "मी त्या दिवशी माहेरी होते" असं सांगावं लागलं. ते मला अजून सलतं. म्हणून पासवर्ड काढून प्रत्येकाला स्मार्ट कार्ड द्यायचं मी मनावर घेतलंय.

सर्व्हरवर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर आहे. सर्टिफिकेट (कार्डधारकाची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) देणारं सीए, म्हणजे सर्टिफाइंग अथॉरिटी, आमचंच: वर मूळ रूट आणि त्याखाली त्याने मान्य केलेलं इंटरमीजिएट. सही करायची गुप्त, म्हणजे खासगी किल्ली कार्डातच तयार केली, त्यामुळे तिची प्रत कुठेच नाही.

मुख्य कार्यालयात विंडोजवर क्रोम आहे. तिथे पिन विचारतच नाही, थेट ४०० एरर येते: सर्टिफिकेट पाठवलं नाही. अडावदला उबुंटू २२.०४ आणि फायरफॉक्स. तिथे ओपनएससीचं मॉड्यूल (ब्राउझरला कार्ड वाचता यावं म्हणून लागणारा भाग) लोडच होत नाही, पण टर्मिनलवर तेच कार्ड व्यवस्थित वाचलं जातं. काय चुकतंय?

शिवाय संचालकांकडे डिजिटल सहीचे यूएसबी टोकन आधीच आहेत. त्यांना तेच चालतील का?

यार्डातला (भुसावळ)

ताई, अडावदचं मी सांगतो. उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स स्नॅप पॅकेजमधून येतो. स्नॅप म्हणजे बंद खोली. बाहेरचं ओपनएससीचं मॉड्यूल आणि कार्ड रिडरची सेवा त्याला दिसत नाही, म्हणून टर्मिनलवर चालतं आणि ब्राउझरात नाही. स्नॅप काढा, मोझिलाच्याच रिपॉझिटरीतून साध्या डेब पॅकेजचा फायरफॉक्स घ्या. मग सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली 'सिक्युरिटी डिव्हायसेस' उघडून मॉड्यूल लोड करा. आमच्याकडे याच कारणाने दोन दिवस गेले. रिडर खराब समजून नवा मागवला होता.

केळीबाग (सावदा)

क्रोमची गोष्ट वेगळी आहे. जोडणी होताना सर्व्हर क्लायंटकडे सर्टिफिकेट मागतो, तेव्हा सोबत कोणकोणत्या सीएंचं चालेल त्यांची नावंही पाठवतो. ब्राउझर त्या नावांशी जुळणारीच सर्टिफिकेटं दाखवतो, एकही जुळलं नाही तर गप्प बसतो. माझा अंदाज, एन्जिनएक्सला दिलेल्या तुमच्या सीएंच्या फाइलीत फक्त रूट आहे. कार्डावरचं सर्टिफिकेट इंटरमीजिएटने दिलेलं, ते इंटरमीजिएट त्या विंडोजवर नाही, म्हणून रूटपर्यंतची साखळी त्याला जोडता येत नाही. ओपनएसएसएल या सर्टिफिकेटांच्या साधनातल्या एस-क्लायंट आज्ञेने सर्व्हरला जोडून बघा, पाठवलेली नावं तिथे छापून येतात. मग सीएच्या फाइलीत इंटरमीजिएटही टाका.

तरी जमलं नाही तर एन्जिनएक्समध्ये क्लायंटच्या सर्टिफिकेटची तपासणी तात्पुरती 'ऑप्शनल' करा आणि तपासणीचा निकाल लॉगमध्ये लिहा. 'नन' आलं तर कार्ड सर्व्हरपर्यंत पोचलंच नाही. 'फेल्ड' आलं तर पोचलं, पण नाकारलं, आणि पुढे कारणही असतं. त्या पीसीवरचा अँटिव्हायरस एचटीटीपीएस उघडून तपासत असेल तर ते आधी बंद करा. मधे बसणाऱ्या अँटिव्हायरसकडे कार्डातली किल्ली नसते, त्यामुळे त्याला तुमच्या नावाने सही करता येत नाही.

आता जे मला महागात पडलं ते. हरवलेल्या कार्डांसाठी रद्द केलेल्या सर्टिफिकेटांची यादी ठेवाल. ओपनएसएसएलच्या नमुना कॉन्फिगमध्ये तिची मुदत ३० दिवस असते. आमची यादी एका सोमवारी सकाळी संपली आणि सगळ्यांची सगळी कार्डं नाकारली गेली. शेतकरी केळीच्या पेमेंटसाठी रांगेत, आणि मी सर्व्हरजवळ घाम पुसतोय. यादी दर आठवड्याला आपोआप नवी होईल असं करा आणि नंतर एन्जिनएक्स रिलोड करा, नाहीतर तो जुनीच वापरतो. इंटरमीजिएट असेल तर रूटची यादीही त्याच फाइलीत लागते.

संचालकांचे टोकन तांत्रिकदृष्ट्या चालतील. पण त्यांचं सर्टिफिकेट देणाऱ्या परवानाधारक सीएवर विश्वास टाकलात की त्या सीएचं सर्टिफिकेट असलेला देशातला कोणीही दारापर्यंत येतो. म्हणून सीएचं नाव आणि अनुक्रमांक आपल्या तक्त्यात असेल तरच आत घ्या. नूतनीकरणानंतर अनुक्रमांक बदलतो, हे लक्षात ठेवा. आणि मुख्य म्हणजे ते टोकन कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहेत ते बघा. आपल्याकडे बऱ्याच संचालकांचं टोकन पिनसकट कर सल्लागाराकडे पडून असतं. आयटी कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवायची जबाबदारी ज्याची सही त्याची. मी तरी त्यांनाही संस्थेचं वेगळं कार्ड देईन.

तापीकाठची (चोपडा)

दादा, अंदाज बरोबर होता. इंटरमीजिएट टाकलं आणि लगेच पिनची खिडकी आली! फायरफॉक्सही डेबवाला टाकला, अडावदचं काम झालं. संचालकांना वेगळी कार्डंच देणार. तुमचं म्हणणं वाचल्यावर मी विचारलं, पाचपैकी तिघांचे टोकन खरंच दुसऱ्याकडे आहेत.

पहिलं कार्ड त्या कॅशियर ताईंना दिलं. पिन त्यांनी स्वतः टाकला, मी खोलीबाहेर थांबले. एक शंका राहिली: कार्ड उपसलं तरी पान उघडंच राहतं. हे असंच असतं का?

केळीबाग (सावदा)

हो. सही जोडणी होताना एकदाच होते, पुढे ब्राउझर तेच सत्र वापरत राहतो. कार्ड निघालं हे सर्व्हरला कळत नाही. तुमच्या प्रणालीतच पाच मिनिटं हालचाल नसेल तर बाहेर काढा, आणि पैसे वळते करताना प्रत्येक वेळी कार्डाने त्या व्यवहारावर सही घ्या. बहुतेक कार्डांत तीनदा पिन चुकला की कार्ड बंद पडतं. ते उघडायचा पीयूके क्रमांक शाखेत ठेवू नका, मुख्य कार्यालयात तिजोरीत ठेवा.

तापीकाठची (चोपडा)

ठेवते. उद्या सकाळच्या एसटीने धानोऱ्याला जाते, दोन रिडर आणि सात कार्डं घेऊन.