मदत हवी आहे: किचनचा नळ कोणता घ्यावा? शनिवारी प्लंबर येतोय

ओटाआवर
सिंकचा नळ गळतोय. दोन महिन्यांत तीनदा वायसर बदलला. आठ दिवस बरा चालतो, की परत टपटप. रात्री खाली पातेलं ठेवते आणि आवाज नको म्हणून त्यात फडकं. प्लंबर म्हणतो, ताई, नवीनच टाका. दुकानात गेले तर त्याने अकरा नळ मांडले, मी हात हलवत परत आले. ह्यांना तो ओढून बाहेर काढता येतो तसला हवाय. बजेट तीन हजार. कोणता घेऊ, एवढंच सांगा.

तोटीवाला
नळ भिंतीतून आलाय की ओट्यातून? गरम पाण्याची लाइन सिंकपर्यंत आहे का? मजला कितवा? पाणी कुठलं?

ओटाआवर
साधा नळ आहे हो, सिंकच्या वर असतो तसा. पाणी नळाचं.

तोटीवाला
नळाला पाणी नळाचंच येणार. महापालिकेचं की बोअरचं?

ओटाआवर
भिंतीतून. लाइन एकच, गार. सातवा मजला, म्हणजे शेवटचा. वाघोलीत आहोत. बोअर, आणि उन्हाळ्यात टँकर.

ग्रॅनाइटप्रेमी
नळाचं राहू द्या, आधी सिंक बदला. स्टीलच्या सिंकमध्ये भांडी किती वाजतात! आम्ही काळा क्वार्ट्‌झचा बसवला, डाग अजिबात दिसत नाहीत.

ओटाआवर
सिंक ठीक आहे. नळ!

गच्चीवरची_टाकी
शेवटचा मजला हे आधी सांगायचं ना. पंप नसेल तर पाण्याचा जोर टाकीच्या उंचीवर, दर मीटरला साधारण 0.1 बार. टाकीतलं पाणी तुमच्या नळाच्या चार मीटर वर धरलं तरी जेमतेम 0.4 बार. त्या ओढायच्या नळांच्या खोक्यावर बरेचदा कमीत कमी 0.5 किंवा 1 बार लिहिलेलं असतं. आमच्याकडे हौसेने बसवलाय. भाजीत घालायला तांब्याभर पाणी घेईपर्यंत फोडणी जळते. शिवाय तो बहुतेकदा मिक्सर असतो, त्याला गरम-गार दोन लाइनी लागतात.

तुम्ही भिंतीतला साधा सिंक कॉक घ्या, अर्धा इंची, फिरत्या मानेचा, पितळेचा. हातात घेऊन वजन बघा. जस्ताच्या मिश्रधातूचा हलका लागतो. लोहचुंबक घेऊन जाऊ नका, दोन्हींना चिकटत नाही. (मी गेलो होतो.)

वायसर_झिंदाबाद
पण घ्या वायसरचाच. पाच-दहा रुपयांत दुरुस्त. सिरॅमिक डिस्कमध्ये (वायसरऐवजी आत चकत्या असतात त्या) टँकरची वाळू गेली की चरे पडतात, मग अख्खं कार्ट्रिज, म्हणजे आतला डिस्कचा भाग, बदला.

तोटीवाला
आणि तीनदा बदलून गळतोय त्याचं काय? वायसर ज्यावर टेकतो ती पितळी सीट खाल्ली गेली असणार. कितीही नवे टाका, तिच्या कडा त्यांना कापणारच. सीट घासायचं कटर मिळतं, पण प्लंबर तेवढी खटपट करत नाही. सिरॅमिकचा पाव फेरीत बंद होतो, पिळावा लागत नाही. वाळूची भीती असेल तर लाइनीवर जाळीचा फिल्टर लावा.

वायसर_झिंदाबाद
माझ्या आईकडे कराडला 1988 चा नळ आहे. अजून वायसरवर.

तोटीवाला
कराडला नदीचं पाणी आहे हो!

विदर्भवासी
नागपुरात चांगला प्लंबर कोणी सांगू शकेल काय?

ओटाआवर
भांडू नका. मानेची लांबी किती घेऊ?

गच्चीवरची_टाकी
भिंतीपासून सिंकच्या जाळीच्या मध्यापर्यंत टेपने मोजा, साधारण तेवढी. आखूड झाली तर पाणी मागच्या कडेवर आपटून टाइल्सवर उडतं. टोकाची फेसाची जाळी हाताने काढता येणारी बघा. तुमच्या पाण्यात ती लवकरच पांढरी होऊन तुंबणार, मग अर्धा तास व्हिनेगरमध्ये टाकायची. आणि शनिवारच्या आधी सिंकच्या लाइनीचं पाणी बंद करायचा कॉक फिरतोय का बघून ठेवा.

ओटाआवर (शनिवार, रात्री)
बसला एकदाचा. पितळेचा, पाव फेरीचा, एकोणीसशेला. शेवटचं वाक्य मात्र वाचलंच नव्हतं. कॉक गंजून घट्ट, जागचा हलेना. मग गच्चीवर जाऊन अख्ख्या लाइनीचं पाणी बंद केलं. खालच्या सहाही मजल्यांवरून फोन. तिसऱ्या मजल्यावरचे काका तोंडाला साबण लावून बसलेले. त्यात जुना नळ काढताना निपल (नळ जोडायचा पाइपचा तुकडा) भिंतीत तुटला, एक टाइल फोडावी लागली. तसली टाइल आता मिळत नाही, सध्या तिथे पांढरं सिमेंट.
ह्यांना तोटीवाले आणि टाकीवाल्यांचे प्रतिसाद वाचून दाखवले. गप्प आहेत.

वायसर_झिंदाबाद
अभिनंदन. जुना नळ प्लंबरला दिला नाही ना? पितळ आहे, भंगारवाला किलोवर घेतो.

ओटाआवर
तो तर घेऊनच गेला!!