मेथिओनिनकडं मिथाइल आहेच, मग मधी सॅम काहून?

बीएस्सी_नांदेड
राम राम मंडळी. थर्ड इयरला आहे, सोमवारी बायोकेमिस्ट्रीची इंटर्नल आन मी एस-अ‍ॅडेनोसिलमेथिओनिनवर (म्हंजे सॅमवर) अडकून बसलोय. पुस्तकात म्हणतेत सॅम दुसऱ्या रेणूंना मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजन) देतंय. पण ते मिथाइल मूळचं मेथिओनिन या अमिनो अ‍ॅसिडचंच ना, मग त्यानं सरळ देऊन टाकावं की, एटीपी (पेशीचं इंधन) जाळून मधी हे सॅम बनवायचं काहून? दोन दिवस झाले फिरून परत मेथिओनिन होतंय ती सायकल नुसती पाठ करायलो.

परभणीचा_मास्तर
सायकल नंतर होते पाठ, प्रश्न बरोबर आहे तुझा. मेथिओनिनमधी गंधकाला दोन बाजूंनी दोन कार्बन. गाडीवर दोघंच, निवांत, कुणी उतरायला तयार नाही. मग एन्झाइम एटीपीतलं अ‍ॅडेनोसिन आणून त्याच गंधकाला चिकटवतंय, झाली ट्रिपल सीट. गंधकावर पॉझिटिव्ह चार्ज येतो आन मग कधी एकदा कुणाला उतरवतो असं होतं त्याला. खर्च बी बघ, एटीपीचे तिन्ही फॉस्फेट जातेत इथं. उतरलेलं मिथाइल मग डीएनएवर बसतं, नॉरअ‍ॅड्रेनॅलिनवर बसलं तर अ‍ॅड्रेनॅलिन होतं, क्रिएटिनला बी तेच लागतं. 1952 मधी कँटोनीनं दाखवलं हे.

अर्धापूर_केळीवाला
मास्तर लई भारी, पण उतरणारं दर वेळी मिथाइलच असतंय असं नाही बरं का. मी अ‍ॅग्री करून आता घरच्या केळीतच आहे. केळी पिकताना सॅममधलं मिथाइल गंधकालाच धरून राहतंय आन तिसऱ्या बाजूचा अमिनो अ‍ॅसिडचा तुकडा सुटतो, त्याचं एसीसी नावाचं संयुग, एसीसीचं इथिलीन. रायपनिंग चेंबरात सोडतेत तोच हा गॅस, 100 पीपीएमपर्यंत चालतो, बंदी आहे ती कार्बाइडला. बाहेरून जरासा लागला की केळी स्वतःच इथिलीन करत सुटतेत, म्हणून तर एक पिकलेलं सगळी फणी पिकवतंय. उरलेला गंधक झाड टाकून देत नाही, फिरवून परत मेथिओनिन करतंय.

आन कडबा राहिलाच. लिग्निन (ताटाला कडक करणारा पदार्थ) बनताना बी सॅमचं मिथाइल लागतंय. ते बसवणारं एक एन्झाइम बिघडलेली ज्वारी असती, पानाची मधली शीर तपकिरी, लिग्निन कमी, जनावराला पचायला सोपी.

बीएस्सी_नांदेड
अरे बाप रे, आमच्या पुस्तकात केळी कुठंच नाही. मिथाइल गेल्यावर खाली काय राहतं पण?

लॅबवाली_ताई
एसएएच, म्हणजे मिथाइल गेलेलं सॅम राहतं, ते साचलं तर मिथाइल देणारे एन्झाइमच अडतात म्हणून लगेच मोडावं लागतं, त्यातून होमोसिस्टीन हे अमिनो अ‍ॅसिड निघतं. त्याला परत मेथिओनिन करायला फोलेट आणि बी12 ही दोन्ही जीवनसत्त्वं लागतात, नाहीतर बी6 च्या मदतीनं सिस्टीनकडं जातं. आमच्या आईचं बी12 कमी निघालं होतं, होमोसिस्टीन वाढलेलं. माळकरी घर, अंडं शिवायचं नाही, दूध चहापुरतं. रिपोर्ट हातात आला तेव्हा मला ही सायकल खरी समजली, कॉलेजात नाही.

बीएस्सी_नांदेड
धन्यवाद सगळ्यांना. पेपरात ट्रिपल सीट लिहिलं तर चालंल का सर?

परभणीचा_मास्तर
लिहू नको, आकृती काढ. गंधकावर अधिकचं चिन्ह तेवढं विसरू नको, निम्मी पोरं तिथंच मार्क घालवतेत.