पावसाळ्यात सेप्टिक टाकी तुंबते, काय करावे?

प्रश्न: रत्नागिरीजवळच्या आमच्या घराची सेप्टिक टाकी आठ वर्षांत एकदाही उपसलेली नाही आणि यंदा पावसाळ्यात शौचालयाचे पाणी सावकाश उतरू लागले आहे. ॲसिड ओतल्याने ती मोकळी होईल का?

पहिले उत्तर: कृपया ॲसिड ओतू नका. जड मैला तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट भाग वर सायीसारखा तरंगतो आणि प्राणवायूविना जगणारे जीवाणू त्या गाळाचा बराचसा भाग कुजवतात. ॲसिडने नेमके तेच जीवाणू मरतात. न कुजलेला गाळ मात्र साचतच राहतो, म्हणून साधारण दर २ ते ३ वर्षांनी टाकी उपसून घ्यावी.

दुसरे उत्तर: त्रास पावसातच होत असेल तर शोषखड्डाही तपासावा, कारण भूजल वर आले की त्यातले पाणी जमिनीत मुरत नाही. पागोळ्यांचे पाणी टाकीकडे वळलेले नाही ना, हेही पाहावे.

तिसरे उत्तर: माझी कळकळीची विनंती आहे की उपसा सक्शन गाडीनेच करून घ्यावा. आतल्या विषारी वायूंनी माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि सुरक्षा साधनांविना कोणालाही टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.