निबंधाचा आराखडा दाखवून झाला, आणि आता मुद्दाच बदललाय. काय करू?

तापीकाठ:
एम.ए. मराठीला आहे. बहिणाबाईंच्या ‘मन वढाय वढाय’वर निबंध द्यायचाय. नेहमीसारखा आराखडा केला: जीवनपरिचय (जन्म १८८०, आसोदे), प्रतिमा, तत्त्वज्ञान, समारोप. ‘वढाय’समोर ‘चंचल’ लिहिलं. मॅडमनी बघून होही म्हटलं.

रविवारी आजीला कविता वाचून दाखवली. तिची बोली लेवा. ‘चंचल’ ऐकून ती थांबलीच. म्हणाली, ज्याले पिकाची चटक लागली ते ढोर वढाय. हाकललं तरी तठेच येतं. म्हणजे सैरावैरा फिरणारं नाही, एकाच वावरात पुन्हा पुन्हा शिरणारं! आणि ‘उभ्या पिकातलं ढोर’ तर पुढच्याच ओळीत आहे. शाळेपासून पाठ असलेली ओळ, पण मी ती आजवर वाचलीच नव्हती.

आता सगळा निबंध या ओढीवरच लिहावासा वाटतोय. जुना आराखडा फाडून टाकू का?

खडूफळा:
फाडू नका. मी तीस वर्षं मराठी शिकवलं. आराखडा बदलला म्हणजे तुम्ही कविता वाचायला लागलात.

आजींचं बरोबर आहे. तुमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून ओढाळचं वढाय. ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं अडकवतात, ते हेच ढोर. पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. पुढच्या कडव्यांत लाटा आहेत, वारा आहे, पाखरू आहे, वीज आहे. तिथे मन चंचलच आहे की! ती कडवी तुमच्या नव्या मुद्द्यात कुठे बसतात?

जात्यावरची:
मोठ्याने वाचलंत हे फार छान केलंत. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली, पुस्तक आलं ते १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. ही कविता आधी कानांची आहे.

तापीकाठ:
खडूफळा सर, तुमच्या प्रश्नाने दोन दिवस झोप नव्हती. काल कडवी एकाखाली एक मांडली. ढोर निदान हाकलता तरी येतं. लाटा, वारा हातात धरता येत नाहीत. विंचू-सापाला उतारा मंत्र आहे, विषारी मनाला तोही नाही. मग पाखरू, वीज, आणि शेवटी ती थेट देवालाच विचारते, असं मन घडलंच कसं. प्रत्येक उपमा तिला अपुरी पडते, म्हणून ती दुसरी घेते. माझा मुद्दा आता हा आहे. ‘वढाय’ ही त्याची सुरुवात, सगळा निबंध नाही.

‘तत्त्वज्ञान’ हे वेगळं प्रकरण काढून टाकलं. तिचा विचार त्या ढोरात आणि विजेतच आहे, बाहेर काढून दाखवण्यासारखा नाही. जुनं पान ठेवलंय, ‘चंचल’वर फक्त एक रेघ. मॅडमना दोन्ही पानं दाखवणार आहे.

कवितेतल्या ‘वाहादन’समोर मी नुसतं ‘वारा’ लिहिलंय. तेही आजीला विचारून घेते.