भडक म्हणजे अचूक नव्हे

दोन फोन शेजारी ठेवायचे आणि ज्याचे रंग जास्त उठून दिसतील त्याचा स्क्रीन अचूक, असं कुणीतरी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही.

म्हापशात आमचं साड्यांचं दुकान आहे. कुणबी साडीचा तो गडद लाल माझ्या सॅमसंगवर ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये पिकल्या टोमॅटोसारखा दिसतो, ‘नॅचरल’ केला की हातातल्या कापडाच्या बराच जवळ येतो. याच फरकापायी एक साडी परत आली, आणि गिऱ्हाइकाचं काही चुकलं नव्हतं.

कारण साधं आहे. बहुतेक फोटो एसआरजीबी या रंगपट्ट्यात, म्हणजे रंगांच्या एका ठरलेल्या आवाक्यात, असतात. व्हिव्हिड मोड तेच रंग ताणून डीसीआय-पी३ सारख्या मोठ्या पट्ट्याकडे नेतो. लाल आणि हिरवा सगळ्यात आधी चढतात. म्हणजे दोष पॅनेलचा नसून सेटिंगचा असू शकतो.

तुलना करायचीच तर दोन्हीकडे नॅचरल किंवा तत्सम मोड ठेवा, ट्रू टोन (आयफोनवरची, आजूबाजूच्या उजेडानुसार रंग बदलणारी सोय) आणि रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करा, ब्राइटनेस डोळ्यांना सारखा वाटेल इतका जुळवा. पांढरा रंग पिवळसर किंवा निळसर दिसतो का ते बघा, पांढऱ्याचं प्रमाण ६५०० केल्विनचं, म्हणजे साधारण दिवसाच्या उजेडाचं, आहे. आणि खरी वस्तू शेजारी हवीच! मी साडी दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात धरतो. आत पिवळ्या दिव्याखाली नाही.

रिव्ह्यूमध्ये डेल्टा-ई (दिसणारा रंग खऱ्या रंगापासून किती दूर आहे तो आकडा) दिलेला असेल तर तो कोणत्या मोडमध्ये मोजलाय ते आधी वाचा. १ च्या खालचा फरक डोळ्याला सहसा कळत नाही.