मान-पाठ-हात : गादीच्या दुखण्याचे तुमचे अनुभव लिहा

एमआरआयचा रिपोर्ट आला, 'सी ६-सी ७ डिस्क बल्ज', म्हणजे मानेच्या सहाव्या-सातव्या मणक्यांमधली गादी फुगलेली. सासूबाईंनी वाचायच्या आधीच निदान केलं : "मणक्यात गॅप आलाय." वय ४१, ऐरोलीत नोकरी, दिवसभर लॅपटॉप. मान फारशी दुखतच नव्हती. दुखत होता उजवा हात. खांद्यामागून दंडाच्या मागच्या बाजूने थेट मधल्या बोटात करंट. मी दोन महिने बोटालाच बाम चोळत होते!

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी विचारलं, "मुंग्या कुठल्या बोटाला?" मग कोपर सरळ करत त्यांचा तळवा ढकलायला लावला. डाव्याने ढकलला, उजवा थरथरला. गादीतला मऊ गर मागे फुगून मानेतली सातवी नस दाबतोय, आणि ती नस जिथवर जाते तिथवर ठणका, असं त्यांनी समजावलं. गंमत म्हणजे ठाणे-वाशी लोकलमध्ये वरची कडी धरून उभी राहिले की हात शांत, सीट मिळाली की सुरू. हात डोक्याच्या वर गेला की नसेवरचा ताण सैल होतो म्हणे. हल्ली मी सीट नाकारते, बायका संशयाने बघतात.

तुमचंही लिहा. फक्त 'अमुक ठिकाणी एका झटक्यात बसवून देतात' हे पत्ते नकोत.

घोडबंदरकर : आमचं कंबरेचं, एल ५-एस १, म्हणजे कंबरेची सगळ्यात खालची गादी. स्कूटर खड्ड्यात आदळली, चार दिवसांनी कुल्ल्यापासून पोटरीतून पायाच्या करंगळीपर्यंत कळ. शिंक आली तरी भिंत धरायचो. सगळ्यांनी सांगितलं म्हणून पंधरा दिवस चटईवर आडवा, आणि आणखी आखडलो. फिजिओथेरपिस्टने झापलं, "उठा, चाला." तलावपाळीला आधी अर्धी फेरी, मग एक. अडीच महिन्यांत सुटलो, ऑपरेशन नाही.

नेरूळची आजी : मला अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या. एक्स-रेत मानेची झीज दिसली, सहा महिने पट्टा लावला. साठीनंतर अशी झीज बहुतेकांना दिसते, हे नंतर कळलं. नस दबली होती मनगटात! हात झटकला की बरं वाटायचं, पण ते सांगायचं मला सुचलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

कळवेकर : डावा हात भरून आला, घाम फुटला, छाती जड झाली, तर मान-बिन नंतर. आधी ईसीजी.

तुर्भे : वडील मार्केटात माथाडी, गोणी उचलताना कंबरेत लचक भरली. एकाने पाठीवर पाय देऊन 'नस बसवली'. त्यामुळेच झालं असं म्हणत नाही, पण आठवड्याने उजव्या पायातली चप्पल निसटायची आणि त्यांना कळायचं नाही. मागे वळून बघायचे तर चप्पल चार पावलं मागे. मग लघवी अडली. बसायची जागा बधिर झाली होती, ते लाजेने बोललेच नाहीत. रात्रीच ऑपरेशन. लघवी पुन्हा नीट होऊ लागली, पाय अजून थोडा ओढतात.

धागाकर्ती : @तुर्भे, वाचून आत्ताच नवऱ्याला विचारलं. त्याचीही कंबर धरलीये, मुंग्या नाहीत म्हणतो. उद्या चप्पल घालून चालायला लावते.